कानसेन

गाण्याच्या दोन ओळी झाल्या नाहीत तोच पियानोची वरच्या टोकाची एक पट्टी अशी काही किंचाळली, की बायकोच्या हातातला चमचा ताटलीवर आपटला. तिने नवऱ्याकडे पाहिलं. आता हे उठतील. आता खुर्ची मागे सरकेल.

नवरा चारचौघांसारखा असता तर काळजी नव्हती. पण पियानोचे सूर जुळवून देणं हा त्यांचा तीस वर्षांचा धंदा, आणि गावात त्यांना सगळे कानसेन म्हणत. लग्न असो की हॉटेल, बेसूर वाद्य कानावर पडलं की हे थेट वाजवणाऱ्याच्या डोक्यावर जाऊन उभे. मागच्या सहलीत तर त्यांनी भर गाण्यात पियानोचं झाकण लावलं होतं, आणि मॅनेजरने दोघांना भरल्या ताटावरून उठवलं होतं. म्हणून या वेळी घरातून निघतानाच तिने वचन घेतलं होतं. काहीही होवो, हाताची घडी, तोंडावर बोट. समुद्रकाठच्या या हॉटेलात चार दिवसांची सुट्टी, त्यातली ही एकच संध्याकाळ गाण्याची. तिला ती सुखाने घालवायची होती.

गाणारी बाई कडव्यावर आली आणि पट्टी पुन्हा किंचाळली. शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या बाईंनी सरळ कानात बोट घातलं. बायकोला सुरातलं ओ की ठो कळत नव्हतं. तुझे कान देवाने फक्त कानातलं घालायला दिलेत, असं हे तिला नेहमी चिडवत. तिला जर इतकं खुपतंय, तर यांचं काय होत असेल.

ते पावाला लोणी लावत होते.

वचन पाळतायत बिचारे, असं वाटून तिला भरून आलं. मग तिची नजर त्यांच्या उजव्या हाताकडे गेली. सूर खटकला की त्यांचा अंगठा बोटावर घासायला लागे. अगदी झोपेतसुद्धा. त्या अंगठ्याला वचनबिचन कळत नसे. पट्टी तिसऱ्यांदा किंचाळली. अंगठा सुरीवर होता तसाच राहिला, आणि लोणी पावाच्या कडेपर्यंत नीट पसरलं गेलं.

"अहो," ती हळूच म्हणाली, "बोलायचं असेल तर बोला. मी काही म्हणणार नाही."

"कशाबद्दल?"

"त्या पियानोवाल्याच्या वाजवण्याबद्दल."

त्यांनी मान डोलावली. "छान वाजवतोय की."

छान हा शब्द त्यांनी आजवर कुणाच्या वाजवण्याला लावला नव्हता. ते टाळ्यासुद्धा वाजवत नसत. ज्यांना कान नाहीत त्यांनी टाळ्या वाजवाव्यात, असं म्हणत.

गेल्या दोन महिन्यांत तीन ठिकाणांहून फोन आले होते. सूर नीट लागले नाहीत, पुन्हा येऊन जा. हल्ली लोकांचे कानच बिघडलेत, असं हे म्हणाले होते, आणि तिनेही त्यांचीच री ओढत फोनवरच्यांना चांगलं झाडलं होतं. परवा उशाशी मोबाइलची बारीक किणकिण चालली असताना हे शांतपणे पेपर वाचत बसले होते, तेव्हा तर ती हसली होती.

आणि सोमवारी मोठ्या सभागृहाचा पियानो जुळवायचा होता. बाहेरून नावाजलेला वादक येणार होता. तीस वर्षं त्या पियानोला यांच्याशिवाय कुणी हात लावला नव्हता. भरल्या सभागृहात, सगळ्या गावासमोर, अशीच एखादी पट्टी किंचाळली तर?

मध्यंतरात हॉटेलातला पियानोवादक घाम पुसत टेबलाटेबलांवरून फिरला. यांच्यापाशी येऊन तो ओशाळून म्हणाला, "वरची ती पट्टी फार छळते. खाऱ्या हवेने तार उतरलीय, आणि इथे जुळवणारा कुणी मिळत नाही. तुमच्या ओळखीत आहे का कुणी?"

एरवी या प्रश्नाला हे अर्धे उठून उभे राहिले असते. ते तोंड उघडणार, त्याच्या आत बायको बोलली.

"नाही हो. आमच्यात कुणाला त्यातलं काही कळत नाही."

वादक पुढच्या टेबलाकडे गेला. नवरा तिच्याकडे बघत राहिला. रागावतील असं तिला वाटलं, आणि ते रागावले असते तर तिला बरंच वाटलं असतं. पण त्यांनी सुरी खाली ठेवली, ताटली बाजूला सारली आणि हात टेबलावर पालथा ठेवला.

"वाजली की सांग," ते म्हणाले.

पुढचं गाणं सुरू झालं. पट्टी किंचाळली तशी तिने त्यांच्या हातावर बोट दाबलं. ते पियानोकडे मान वळवून, श्वास रोखून बसले होते. तिने पुन्हा दाबलं. शेजारच्या बाई कण्हल्या. तिसऱ्यांदा तिच्या मनात आलं, या वेळी दाबू नये, एकदा सोडून द्यावं. पण सोमवार काही टळणार नव्हता. तिने दाबलं.

चौथ्यांदा दाबलं तेव्हा त्यांनी हात हळूच काढून घेतला.

"कळलं," ते म्हणाले.

गाणं संपलं. टाळ्या पडल्या, त्याही बेताच्याच. बाकीच्यांच्या थांबल्या तरी कानसेन वाजवत राहिले.