कुणाचा दबाव?

माहीमच्या मंदाबाईंचं लिव्हर निकामी झालं. मुलगा प्रणव आपलं द्यायला तयार होता, पण त्याच्या लिव्हरवर चरबी निघाली. रक्तगट जुळला तो सुनेचा, चारुताचा. दोघींची भांडणं साऱ्या आळीला पाठ. त्यातून सून रक्ताच्या नात्यातली नाही, म्हणून परवानगीसाठी तिला अवयवदानाच्या सरकारी समितीपुढे जावं लागलं.

"मनापासून देताय ना? घरच्या कुणाचा दबाव?" अध्यक्षांनी विचारलं.

"हाय ना साहेब. सासूचा."

शेजारी बसलेला प्रणव खुर्चीतून अर्धा उठला. अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं.

"घाबरू नका. काय म्हणतात त्या?"



"म्हणतात, माज्यासाटी पोट फाडून घेतलंस, तर तुज्या हातचं पाणी पिणार नाय! आता तुमीच समजवा त्यांना."