पंखा नसलेली खोली

“माझ्या छताला खिळासुद्धा लावायचा नाही!” नवरा छातीच्या दुखण्यानं गेला – विडीमुळे, असं सगळे म्हणत – तरी त्याचा तो दरारा आईच्या कानातून हलला नव्हता. उकाड्यात पंखा नाही, म्हणून पोरं त्याला चिक्कू म्हणायची. आता खोली भाड्यानं द्यायची होती. वायरमन ड्रिल घेऊन शिडीवर चढला, मुलानं शिडी धरली. घर आईच्या नावावर, तेव्हा छतात काय आहे ते येणाऱ्याला सांगणंही कायद्यानं तिच्याकडेच आलं होतं. पण सांगितलं तर भाडेकरू फिरकेल का?

“आई, पायाला भिंगरी लागलीय का? बस की जरा!”

ड्रिलनं घसा खाकरला.

“उतरा दादा, आधी खाली उतरा! त्या छतात अ‍ॅस्बेस्टॉस आहे.” मग ती मुलाकडे वळली. “तुझ्या बाबांनी जन्मभर असलेच पत्रे कापले, त्यांची धूळ छातीत गेली. त्यांना विडीनं नाही नेलं रे, बाळा.”