ओळखीची गल्ली

“आता ही कौलं बघ. लाल आहेत की नाही?” दिनकररावांनी फोन छपराकडे वळवला आणि जर्मनीत, झिंडेलफिंगेनच्या घरी स्वयंपाकघरात बसलेल्या उल्काला आभाळाचा एक तुकडा आणि स्वतःच्या नवऱ्याचा अंगठा दिसला.

“अहो, अंगठा काढा,” ती म्हणाली, “मग कौलं दिसतील.”

गुडघ्याचं ऑपरेशन झालं नसतं तर तीही आज चीनमध्ये असती. त्यांचा मुलगा उत्कर्ष चिंगदाओला नोकरीला होता. शंभरेक वर्षांपूर्वी जर्मनांनी हे समुद्रकाठचं शहर बळकावलं होतं आणि जाताना चर्च, बंगले, फरसबंद गल्ल्या तिथेच टाकून गेले होते. बाबांना ते दाखवायचंच, असं उत्कर्षने मनावर घेतलं. उल्का मात्र का कू करत होती. हल्ली ह्यांचं काहीतरी बिनसलं होतं. बेकरीत पाव मागताना मराठीत बोलायचे, गाडी कुठे लावली ते विसरायचे आणि वर तिलाच हसायचे. डॉक्टरच्या भेटीचा टेर्मिन पुढच्या महिन्याचा मिळाला. तोवर जाऊन येतो की, म्हणून ते विमानात बसले, आणि तिनेही जाऊ दिलं.

“हे तर आपलंच गाव झालं गं,” दिनकरराव म्हणाले.

उल्का हसली. आयुष्यभर या माणसाचं एक वाक्य थट्टेशिवाय सरळ गेलं नव्हतं. निवृत्तीच्या दिवशी कारखान्यातली हाताखालची पोरं हेच आठवून रडली होती.

“पण आज रविवार ना? मग दुकानं उघडी कशी?” त्यांनी विचारलं.

“चीन आहे तो. तिथे जर्मनीसारखं रविवारी कोण बंद ठेवतंय?”

“आणि ही चिनी मंडळी बघ किती आलीयत. मोठी टूर आलेली दिसतेय आपल्याकडे.”

उल्काने चहाचा कप खाली ठेवला. थट्टा करताना ह्यांचा एक डोळा किंचित बारीक व्हायचा. आता दोन्ही डोळे स्वच्छ होते. गावात आलेल्या पाहुण्यांकडे कौतुकाने बघावं तसे ते रस्त्याकडे बघत होते.

“उत्कर्ष कुठाय?”

“खेळायला गेला असेल. येईल जेवायला.”

दुसऱ्या फोनवरून तिने उत्कर्षला गाठलं. तो धापा टाकत होता. चर्चच्या तिकिटांसाठी तो रांगेत उभा राहिला होता, बाबांना बाकावर बसवून. मागे वळून बघतो तर बाक रिकामा.

“आई, त्यांना बोलत ठेव. फोन बंद करू देऊ नकोस. एकदा बंद केला की वाजला तरी तो उचलायचं त्यांना सुचत नाही, सकाळीही तेच झालं. काय काय दिसतंय ते विचार, मी शोधतो.”

मग उल्का नवऱ्याच्या फोनमधून ते शहर बघू लागली. अहो, तो मनोरा दाखवा ना. अहो, ती भिंत कसली? दिनकरराव खूश झाले. बायको इतक्या हौसेने विचारतेय म्हटल्यावर त्यांनी सगळं दाखवलं. हिरव्या टोपीचा घड्याळाचा मनोरा, तो मागे पडला होता. दगडी पायऱ्या. एक लांबलचक पिवळी भिंत. ती एकेक गोष्ट उत्कर्षच्या कानावर घालत होती. आवाज हसरा ठेवला होता. ह्यांच्या खांद्यामागे, उताराच्या टोकाला, निळी पट्टी चमकली.

“समुद्र कुठल्या हाताला आहे हो?”

“समुद्र?” ते खळखळून हसले. “झिंडेलफिंगेनला कुठला आलाय समुद्र? काहीतरीच तुझं.”

हसणं अगदी नेहमीचं होतं. त्याचीच तिला भीती वाटली.

गर्दी विरळ झाली. दिनकरराव झपझप चालत होते, वाट पायाखालची असल्यासारखे. त्यांना थोपवायला तिने काय काय काढलं. बुटाची नाडी सुटलीय म्हणाली, त्यांच्या पहिल्या गाडीचा विषय काढला, उत्कर्षच्या मुंजीत करपलेला भातही काढला. ते बोलत राहिले, पण थांबले नाहीत. थांबले ते एका हिरव्या दारापाशी. उल्काने मान वळवून आपल्या दाराकडे पाहिलं. तेही हिरवंच होतं. त्यांनीच हौसेने रंगवलं होतं.

“आलो बघ,” असं म्हणून त्यांनी बेल दाबली.

“अहो, ते आपलं घर नाही. पायरीवर बसा जरा. ऐका माझं.”

“पिवळी भिंत सापडली,” दुसऱ्या कानात उत्कर्ष सांगत होता. “पण आई, इथे सगळीच दारं हिरवी आहेत. बाबा कुठल्या दारात आहेत? नंबर विचार.”

“अहो, दारावरचा नंबर वाचा ना मला. एवढा एक नंबर वाचा.”

दाराआड कुणाची तरी पावलं वाजली. दिनकररावांनी केसांवरून हात फिरवला, शर्ट नीट केला. कारखान्यातून आल्यावर रोज दाराबाहेर उभे राहून करायचे, तसंच.

“इकडे बघा, माझ्याकडे,” ती म्हणाली. आता तिला रडू आवरत नव्हतं. “मी उल्का.”

त्यांनी पडद्याकडे निरखून पाहिलं. परक्या बाईशी बोलावं तितक्या अदबीने ते हसले.

“उल्का आत आहे,” ते म्हणाले. “ठेवतो हं बाई, माझी बायको दार उघडतेय.”