फॉन्ट गेला

"हात लावलास तर बघ!"

महादेवीनं सीपीयूवर पंजा ठेवला. दुरुस्तीवाला आशिष पेनड्राइव्ह धरून तसाच उभा राहिला.

शुक्रवार पेठेतल्या त्या पत्रिकांच्या दुकानात सकाळपासून भांडण पेटलं होतं. कॉम्प्युटर चौदा वर्षांचा. त्याची सिस्टीम कंपनीनं केव्हाच वाऱ्यावर सोडलेली. नवी घालावी तर ती त्या जुन्या डब्यात मावेना. म्हणून मालक मल्लिनाथअण्णांनी फुकटातलं लिनक्स निवडलं. निवडताना विचारलं कुणाला, तर आशिषला. तेवीस वर्षं ज्या बाईनं निम्म्या सोलापूरच्या लग्नपत्रिका टाईप केल्या, तिला नाही.

"अण्णा, माझा फॉन्ट जाईल. तो करणारी कंपनी बुडाली. सीडी कुटं हाय, तुमाला तरी ठावं हाय का? आन् ईरप्पाकाकांची मेळाव्याची सगळी सूची त्याच फॉन्टात हाय."

"फॉन्ट, फॉन्ट! लई झालं तुझं. आता इंग्रजीत एम दाबला की म उमटतो. तुला इंग्रजी येत न्हाय, त्याला मी काय करू? उद्यापासनं माझी भाची बसंल हितं. तू पाकिटं चिकटव."

"फाइली सगळ्या काढून ठेवतो, मावशी," आशिष म्हणाला. "एकपण जाणार न्हाय."

महादेवीनं हात काढला. तेवीस वर्षांनी पाकिटं! कोपऱ्यात बसून तिनं ब्रश गोंदात बुडवला आणि पहिल्याच पाकिटावर असा हाणला की ते फाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ईरप्पाकाका आले. रविवारी समाजाचा वधू-वर मेळावा होता आणि त्याची सूची छापून हवी होती. चारशे मुलामुलींची माहिती महादेवीनं दोन महिने बसून टाईप केली होती. हातानं भरलेले फॉर्म अण्णांनी परवाच रद्दीत घातले होते.

भाची सिद्धेश्वरीनं फाइल उघडली. पानं सगळी होती. पण पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत नुसती इंग्रजी अक्षरं सांडलेली. पी, एस, आर, यू, के. शब्द म्हणून वाचावं तर काही अर्थ लागेना.

अण्णांनी आशिषला फोन लावला. तो म्हणाला, फाइल आहे की, फॉन्ट तेवढा जुन्या सिस्टीमबरोबर पुसला गेला.

"चारशे घरांना आता काय तोंड दाखवू मी?" ईरप्पाकाका कडाडले. "आईबापांनी भरवशावर दिलंय हे, मल्लिनाथ!"

अण्णा आशिषवर ओरडले. मग भाचीवर ओरडले. मग सवयीनं महादेवीवर.

"बघत काय बसलीस? आदी सांगायचं न्हाय का?"

"सांगितलं न्हवतं?" ती उठली. "घसा फोडून सांगितलं न्हवतं?"

गोंदाचे हात पदराला पुसत ती स्क्रीनसमोर येऊन उभी राहिली. बोटं रिकाम्या टेबलावरच हलायला लागली. पीच्या जागी, एसच्या जागी, आरच्या जागी. तेवीस वर्षं ती हीच बटणं दाबत आली होती. तिच्या फॉन्टात पी दाबला की च उमटायचा, यू दाबला की न.

"चेतना," ती म्हणाली. "वय सव्वीस. गाव कुर्डुवाडी. शिक्षण बीकॉम. वडील रेल्वेत. घे की गं उतरून, माझ्या तोंडाकडं काय बघतीस!"

सिद्धेश्वरी दचकून टाईप करू लागली. महादेवी वाचत सुटली. एक मुलगी झाली, दुसरी झाली, तिसरा मुलगा झाला. कुठं अडखळणं नाही. राग मात्र तसूभर उतरला नव्हता. प्रत्येक नाव ती अण्णांच्या अंगावर फेकल्यासारखं वाचत होती. अण्णांनी गुपचूप खुर्ची पुढं सरकवली. ती बसली नाही.

ईरप्पाकाका एकदा स्क्रीनकडं, एकदा तिच्याकडं बघत राहिले.

"एवढं इंग्रजी कवा शिकलीस गं तू?"

"इंग्रजी कुटं हाय ह्यात, काका?" महादेवी उसळून म्हणाली. "मराठीच हाय की सगळं!"