तेलातला कीस

मिस्त्री ट्रकखाली आडवा झाला, मागच्या धुऱ्याच्या मधल्या, गिअरच्या गोळ्याचा बोल्ट त्यानं फिरवला आणि जुनं तेल भसाभसा घमेल्यात पडू लागलं. तेल काळं होतं, त्याचं काही नाही. पण त्या काळ्यात काहीतरी लकाकत होतं.

बोल्टाच्या टोकाला लोहचुंबक असतं. त्यावर राखेसारखी बारीक पूड बसते, ती कुठल्याही गाडीत बसते. इथं मात्र नखाएवढे पापुद्रे चिकटले होते. मिस्त्रीनं एक पापुद्रा अंगठ्यानं चोळला. गिअरचा दात तुटला तर जाड, टोकदार तुकडा येतो. असला पातळ पापुद्रा बेअरिंगचाच. तरी मनाची खात्री म्हणून त्यानं मागचं झाकण काढलं, बॅटरी मारली. सगळे दात शाबूत. मग पुढून येणारा शाफ्ट सोडवून गोळ्याच्या तोंडाचं दातेरी चाक, पिनियन, हातानं फिरवायला गेला, तर ते जागचं हलेना. जोर लावला तेव्हा करकरत फिरलं.

आणि मिस्त्रीनं हात चटकन मागे घेतला.

कारण त्या पिनियनचं तेल अडवणारं सील त्यानंच बदललं होतं, फार दिवस नाही झाले. सील बसवल्यावर नट आवळायचा तो हात राखून, नाहीतर आतलं बेअरिंग दाबलं जाऊन सोलतं. थोडा आवळायचा, पिनियन हातानं फिरवून बघायचं, परत थोडा. वेळखाऊ काम. त्या दिवशी त्यानं हवेची गन लावली आणि एका दमात करकचून टाकला. गाडीचा ड्रायव्हर शेजारीच उभा होता. ड्रायव्हर म्हणजे मिस्त्रीच्या धाकट्या बहिणीचा नवरा. "दादा, फिरवून नाही बघितलं?" असं त्यानं विचारलंही होतं.

"गनच्या आवाजावरून कळतं हो मला, दाजी. तुम्ही आपली गाडी चालवा."

घ्या! कळलं आवाजावरून.

"काय निघालं?" वरून गाडीच्या मालकाचा आवाज आला.

मिस्त्री बाहेर आला. मालक पुढच्या चाकापाशी उभे होते, दाजी त्यांच्या मागे, हात पुढे बांधून. मिस्त्रीनं बोल्ट दाखवला.

"अरे देवा! हा तर कीसच पडलाय." मालक दाजींकडे वळले. "तुला किती वेळा सांगितलं, माल बघून भर, चढाला गाडी रेटू नकोस?"

"मालक, जास्तीचा माल मी कधीच भरला नाही. शपथ."

"मग हे काय आपोआप झालं? मिस्त्री, तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल ते खरं. माल जास्त भरला की होतं ना असं?"

दाजी मिस्त्रीकडे बघत होते. त्या नजरेत संशय असता तर बरं झालं असतं. तिथं नुसता भरवसा होता.

मालकाच्या सगळ्या गाड्या ह्याच गॅरेजला येत. दुसरं मोठं गिऱ्हाईक नव्हतं. एवढं सगळं मिस्त्रीच्या डोक्यात आलं, आणि तोंडातून आलं ते एवढंच:

"होऊ शकतं."

खोटं नव्हतं हो! माल जास्त भरला तर होऊ शकतंच. बघा, शब्द कसा नेमका सापडला मेल्याला.

"झालं तर," मालक म्हणाले. "चावी दे. आता ह्या गाडीवर दुसरा माणूस येईल."

"मालक, माणूस चांगला आहे," मिस्त्री घाईघाईनं म्हणाला. "एवढं नका ताणू."

"चांगला आहे म्हणूनच चारचौघांत काही बोलत नाही. पण गाडी नाही द्यायची."

दाजींनी चावी दिली. केबिनमध्ये चढून पांघरूण, जास्तीचा शर्ट, पाण्याची बाटली असं आपलं सामान गोळा केलं आणि चादरीत बांधलं. मिस्त्री हात पुसत राहिला. हात केव्हाच स्वच्छ झाले होते. त्याला स्वतःची इतकी लाज वाटत होती की बहिणीचं नाव मनात आणायचीही त्याची हिंमत होईना.

दाजी गाठोडं घेऊन जवळ आले.

"दादा, माझ्या बाजूनं बोललात, बरं वाटलं. चूक माझीच असणार. आठवडाभर मागून आवाज येत होता, म्हटलं रस्त्याचा असेल. तेव्हाच आणायला हवी होती तुमच्याकडे."

"अहो दाजी, तसं नाही..."

"आणि घरी मीच सांगतो. तुम्ही नका फोन करू. तुमचा आवाज ऐकला की तिला रडू आवरत नाही." जाता जाता ते परत वळले. "नवीन माणसाला एक सांगा. तिसरा गिअर सावकाश घाल म्हणावं, नाहीतर अडतो."

ते फाटकाकडे चालू लागले. मालकही तिकडेच निघाले होते. बघता बघता दोघं फाटकाशी पोचले.

"मालक!"

मिस्त्री ओरडला तो असा, की शेजारच्या टायरवाल्यानंही मान वर केली. मालक थांबले. दाजीही थांबले. मिस्त्री धावत गेला, पण त्यांच्यापासून जरा लांबच उभा राहिला.

"काय हो?"

मिस्त्रीनं एकदा दाजींकडे बघितलं. तोंड उघडलं.

"गाडी... गाडी परवा देतो."

"सावकाश द्या हो," मालक हसून म्हणाले. "तुमच्या हातचं काम. त्यात मला कधी बघावं लागत नाही."

दाजींनी गाठोडं खांद्यावर घेतलं आणि मान हलवली, अगदी मनापासून.