अध्यक्षांमार्फत
विद्यापीठातल्या लुटुपुटीच्या राष्ट्रसंघात विद्यार्थी देशोदेशींचे प्रतिनिधी झाले होते आणि मी अध्यक्ष. नियम असा, की भांडणाऱ्या देशांनी एकमेकांशी बोलायचं नाही. जे काय ते अध्यक्षांमार्फत. टोमणे गाळून निरोप इकडून तिकडे पोचवताना माझं डोकं उठलं. शेवटी उत्कृष्ट अध्यक्ष म्हणून लाकडी हातोडा मिळाला. “एवढा संयम कुठून आणलास?” परीक्षकांनी विचारलं. समोर आईबाबा मध्ये एक खुर्ची सोडून बसले होते. गाडीत बसताच बाबा म्हणाले, “आईला विचार, जेवायला कुठे थांबायचं.” त्यांच्या शेजारूनच आई म्हणाली, “त्यांना सांग, मला भूक नाही.” मला मात्र कडकडून लागली होती. मी हातोडा दोघांच्या मधोमध आपटला. “सभा बरखास्त! तुमचं तुम्ही बघा.” उतरून धाडकन दार लावलं. मागून बाबा ओरडले, कित्येक महिन्यांनी थेट आईवर: “अगदी तुझ्यावर गेलीये!”