खालच्या पेशी

पडद्यावर शून्य उमटलं आणि प्रयोगशाळेत एकच गलका झाला. "नावालाही विषाणू नाही! सुटलो एकदाचे," म्हणत जोडीदार संशोधक धपकन खुर्चीत बसला.

धाकटीला नीट हसूही येईना. ताई तिला अजून धाकटीच म्हणायची, केस पिकले तरी. किती वर्षं ती या एका रेणूच्या मागे होती! यकृताच्या पेशी स्वतःसाठी मायक्रोआरएनए नावाचे चिमुकले रेणू बनवतात, आणि त्यातल्याच एकावर हा मेला विषाणू फुकटात पोसला जातो. तो रेणू अडवणारं औषध दिलं, की विषाणू उपाशी. ताईच्या यकृतातला विषाणू बाकी सगळ्या औषधांना पुरून उरला होता. माणसांवरच्या पहिल्या चाचणीत तिचं नाव होतं. दुसरा उपाय उरलाच नव्हता.

विषाणू मोजायला प्लेटमध्ये वाढवलेल्या यकृताच्या पेशींवरचा द्रव काढून घेत, आणि खालची प्लेट थेट कचऱ्यात टाकत. कामाच्या रगाड्यात खाली बघतंय कोण! धाकटीने आज उगीचच ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली.

पेशी मरून, आकसून, तळ सोडून तरंगत होत्या. तिने दुसरी प्लेट घेतली. हिच्यात विषाणू घातलाच नव्हता, नुसतं औषध. तिथेही तेच.

"अगं, आजच बघायचं होतं का तुला?" जोडीदार कळवळून म्हणाला.

"आज नाही, तर मग ताईत बघावं लागलं असतं."

गलका आपोआप निवला. धाकटीने जिन्यात जाऊन फोन लावला. तिला रडायचीसुद्धा ताकद नव्हती.

"गेला का गं विषाणू?" ताईने पहिल्याच घंटेला उचलला.

"गेला. पण पेशीही गेल्या, ताई. हे औषध तुला नाही देता येणार."



"म्हणजे त्याला माझंच काहीतरी लागतं जगायला."

"हो."

"आणि मलाही तेच लागतं."

"हो गं."

"मग संसारच झाला की आमचा," ताई म्हणाली, आणि खोकला येईपर्यंत हसत राहिली.